शहरी इकॉलॉजीवर पीएचडी, पण शहर म्हणजे तालुक्याचं गाव... फिल्डवर्कला पैसा कुठून उभा करायचा?

बोडीकाठ:

नमस्कार मंडळी. थोडं लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून लिहिते.

मी ब्रह्मपुरी-नागभीडकडची. घरी धानाची शेती. एमएस्सी पर्यावरणशास्त्र झालं, आता पीएचडीला रजिस्ट्रेशन झालंय, कोर्सवर्क संपत आलंय. विषय शहरी इकॉलॉजीचा (शहरातलं पाणी, झाडं, पाखरं आणि माणसं यांचं नातं), तो असा घेतला की आपल्या पूर्व विदर्भात ज्या नगरपरिषदा, नगरपंचायती आहेत तिथले जुने मामा तलाव आता चारही बाजूंनी घरांत सापडलेत, तर त्यांच्यात काय बदलून राहिलं, पाणी कसं आहे, पक्षी कोणते टिकले, पाण्यातल्या वनस्पती कोणत्या गेल्या, आणि गावाबाहेर बांध्यांना (धानाच्या शेतांना) लागून असलेल्या तलावांपेक्षा हे किती वेगळे झाले. (भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बाहेरच्यांसाठी: मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले.)

ज्या तलावापासून सुरुवात करायची आहे तिथलं सांगते. एका अंगाला नाल्याचं तोंड आहे, तिथं पाणी काळं, बेशरमाची झाडं माजलेली, त्यात पन्न्या अडकलेल्या. आणि त्याच तलावाच्या पाळीकडे (बांधाकडे) शिंगाड्याचे वेल आहेत, त्या पानांवरून कमळपक्षी पिल्लं घेऊन चालत असतात, हिवाळ्यात अडया (बदकं) उतरतात, ढिवर सोसायटीचे (मासेमारांच्या संस्थेचे) लोक तिथंच जाळं टाकतात. दोन्ही टोकांत अंतर किती तर इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू जाईल एवढंच. एकाच पाण्यात एवढा फरक कसा काय, हेच मला शोधायचं आहे, आणि खरं सांगते मला हा विषय सोडायचा नाही.

अडचण पैशाची. गाईडकडे सध्या प्रोजेक्ट नाही. पेट्रोल बाबांच्या पैशातून चाललंय, दुर्बीण एका ओळखीच्या सरांची आणते आणि परत करते, पाण्याचे सॅम्पल बाहेरच्या लॅबला द्यायचे तर एकेका सॅम्पलचे दर ऐकूनच धडकी भरते. इंटरनेटवर शहरी इकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी फंडिंग म्हणून शोधलं तर लांबच लांब याद्या येतात पण नव्वद टक्के अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी. वरून एका मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं की हे शहर कुठं आहे, शहरी इकॉलॉजी करायची तर नागपूर-पुणे घ्या, बंगलोर घ्या.

तर विचारायचं असं की राहण्या-खाण्यापुरता दर महिन्याचा पैसा कुठून मिळू शकतो, फिल्डवर्कचा पैसा वेगळा मिळतो का, आणि छोटं गाव घेतलं म्हणून अर्ज बाजूला टाकतात का? ओबीसी, नॉन-क्रिमीलेयर आहे. नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) अजून निघाली नाही. कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा प्लीज.


रानवाटा_यवतमाळ:

ताई, विषय फार चांगला आहे, सोडू नकोस. मी पक्ष्यांवर पीएचडी केली, आता संपली, तर पैशाबद्दल जे कळलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर की फेलोशिप वेगळी आणि रिसर्च ग्रांट वेगळी. आपल्याकडची पोरं दोन्ही एकच समजतात आणि एकाच ठिकाणाहून सगळं मिळेल म्हणून वाट बघत बसतात. फेलोशिप म्हणजे तुझं जगणं. ग्रांट म्हणजे तुझं काम, पेट्रोल, केमिकल, माणसं. पहिलीचा पैसा बहुतेक सरकारकडून येतो आणि दुसरीचा बहुतेक छोट्या छोट्या तुकड्यांत बाहेरून गोळा करावा लागतो.

जगण्याचा पैसा. नेट सोडू नको, तीच सगळ्यात पक्की वाट आहे. तुला दोन दारं आहेत, यूजीसीची नेट पर्यावरणशास्त्रात आणि सीएसआयआरची लाइफ सायन्सेसमध्ये, दोन्ही वर्षातून दोनदा होतात आणि दोन्ही देता येतात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) निघाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर एसआरएफ (सीनियर) झाली की ४२,०००, घरभाडं वेगळं. जेआरएफला वयाची अट असते पण मुलींना आणि आरक्षित प्रवर्गाला ५ वर्षांची सूट आहे. रजिस्ट्रेशन आधी झालं म्हणून जेआरएफ वाया जात नाही, जॉइन होता येतं. पण हे लक्षात ठेव की जेआरएफ मिळाली तरी फिल्डचा प्रश्न सुटत नाही, सीएसआयआरची कंटिन्जन्सी (किरकोळ खर्चाची रक्कम) वर्षाला २०,००० रुपये असते, तुझ्या पाण्याच्या टेस्टमध्येच ती संपेल.

नेट न निघालेल्यांसाठी महाराष्ट्रात ज्या संस्था आहेत त्या बघ. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी महाज्योती, तिचं ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, एससीसाठी बार्टी, एसटीसाठी टीआरटीआय. कोणती जात कोणत्या संस्थेत धरली आहे ते जाहिरातीत नीट वाच, कारण आपल्या भागात कुणबी ओबीसीतच येतात आणि तिथंच पोरांचा गोंधळ होतो. केंद्राची ओबीसी विद्यार्थ्यांसाठी नॅशनल फेलोशिप पण आहे, एससी आणि एसटीची वेगळी आहे, एसटीच्या दरवर्षी ७५० जागा असतात. घरात एकटीच मुलगी असशील, भाऊ-बहीण कोणी नसेल, तर यूजीसीची सावित्रीबाई ज्योतिराव फुले फेलोशिप बघ, फार कमी मुलींना माहीत असते. एमएस्सीला विद्यापीठात पहिली आली असशील तर डीएसटीची (केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याची) इन्स्पायर. शिक्षणात मध्ये खंड पडलेल्या बायांसाठी डीएसटीची वाईज-पीएचडी आहे, ती तुला आज लागणार नाही कदाचित पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागेल.

या जाहिराती कधी निघतील याचा भरवसा नसतो आणि निघाल्या की मुदत थोडी असते. म्हणून कागदं आधी तयार ठेव. कास्ट व्हॅलिडिटी, चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाईल, रजिस्ट्रेशनचं कन्फर्मेशन लेटर, गाईडच्या सहीचा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा). नॉन-क्रिमीलेयरची तारीख गेली म्हणून हातातली फेलोशिप गेलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि मंजूर झाली म्हणजे लगेच खात्यात येईल असंही धरू नको. माझी एक फेलोशिप (नाव घेत नाही) बरेच महिने अडकली होती, तेव्हा मी कॉलेजात सीएचबीवर (तासाप्रमाणे मानधनावर) तासिका घेऊन भागवलं. पण सीएचबी घेण्याआधी त्या फेलोशिपचे नियम वाच, काही ठिकाणी दुसरं मानधन चालत नाही. दोन फेलोशिपा एका वेळी तर कुठंच चालत नाहीत.

फिल्डवर्कची छोटी ग्रांट मात्र फेलोशिपसोबत बहुतेक चालते, फक्त गाईडला आणि विद्यापीठाला लेखी कळवायचं. त्याबद्दल इथं पाणकोंबडी ताईला जास्त माहिती आहे, त्या येतीलच.


वऱ्हाडीमास्तर:

ताई, मी इकडं वऱ्हाडात कॉलेजात शिकवतो. आमचा पट्टा कापसाचा, मामा तलाव आमच्याकडं नाईत, पण "हे शहर कुठं आहे" या प्रश्नावर बोलल्याशिवाय राहवत नाई.

पयली गोष्ट, हे शहर हाय का नाई ते मीटिंगमधले लोक नाई ठरवत. जिथं नगरपरिषद किंवा नगरपंचायत हाय ते गाव जनगणनेत शहरच धरतात. आणि नसली तरी लोकसंख्या ५,००० च्या वर, एका चौरस किलोमीटरात ४०० च्या वर माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असले तर त्याले जनगणना शहर म्हणते. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर हे टाकून दे, मंग तो प्रश्न कोणी विचारत नाई. अमेरिकेत शहरी इकॉलॉजीचे दोन मोठे दीर्घकालीन प्रकल्प १९९७ मध्ये सुरू झाले, बाल्टिमोर आणि फिनिक्स, दोन्ही मोठाली शहरं. आपल्या देशात बंगलोरच्या तलावांवर आणि झाडांवर हरिणी नागेंद्र यांच्यासारख्यांनी भरपूर काम केलं. पण ज्या गावात अर्धे लोक अजून सकाळी वावरात जातात आणि संध्याकाळी नगरपरिषदेच्या नळाचं पाणी भरतात अशा गावावर कोण काम करून राहिलं? तुझ्या विषयाचं वजन तिथंच हाय बाप्पा, ते झाकू नको, वर काढ.

आता पैशाचं. नगरपरिषद तुले रोख पैसा देईल असं समजू नको. पण तिच्याकडं जे हाय ते पैशापेक्षा कमी नाई. वार्डाचे नकाशे, नाल्यांचे नकाशे, विकास आराखडा, तलावाच्या जुन्या नोंदी. मुख्याधिकाऱ्याले गाईडच्या सहीचं पत्र दे आणि पोच घे. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा हाय, त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची जबाबदारी वृक्ष प्राधिकरणावर हाय आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरची झाडं हेरिटेज वृक्ष म्हणून धरतात. पाळीवरची वड, चिंच, आंबे यात बसतात का ते पाहा. जैवविविधता कायदा २००२ चा, त्यात नगरपरिषदेची पण जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच हाय. तुझी पक्ष्यांची अन् वनस्पतींची यादी त्या नोंदवहीत गेली तर त्या गावाचं काम होते आणि तुले समितीचं पत्र मिळते, ते पत्र प्रत्येक ग्रांटच्या अर्जाले लावता येते.

आणखी एक, हे नीट ऐक. अमृत २.० योजना ऑक्टोबर २०२१ पासून आली, तिच्यात सगळ्या नागरी स्थानिक संस्था हायेत आणि तलाव पुनरुज्जीवनाचं काम त्यात धरलेलं हाय. गावोगावी तलावाचं सौंदर्यीकरण मंजूर होऊन राहिलं. सौंदर्यीकरण म्हणजे बहुतेक वेळा काय, दगडी पिचिंग, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, मधात कारंजं, लाइटं. काठाचा चिखल जातो, गवत जाते, काठावर अंडी घालणारं पाखरू जाते. तुझ्या यादीतल्या एखाद्या तलावाचं काम मंजूर झालं असंल तर ते सुरू व्हायच्या आधीचे आकडे गोळा करून ठेव. आधी आणि नंतर असा अभ्यास छोट्या गावात फारसा कोणी केलेला नाई, आणि एकदा मशीन लागली की आधीचं परत मोजता येत नाई. बाकी सगळं उशिरा झालं तरी चालंल, हे काम पयले कर.

चंद्रपूरच्या रामाळा तलावाचं पण वाचून घे. गोंडकालीन तलाव, मधोमध शहरात, नाल्याचं पाणी अन् जलपर्णी, आणि २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांनी त्यासाठी उपोषण केलं होतं. तुझ्याच जिल्ह्यातलं हाय.


पाणकोंबडी:

मास्तरांनी अमृतचं सांगितलं ते मला सुचलं नसतं, फार कामाचं आहे. मी फिल्डच्या पैशाबद्दल लिहिते, कारण मी माझं निम्मं काम छोट्या ग्रांटवरच केलं.

आधी त्या अमेरिकन याद्यांचं. यादी वाचू नकोस, प्रत्येकाची पात्रतेची ओळ वाच. तिथलं नागरिकत्व किंवा तिथल्या विद्यापीठात प्रवेश मागितला असेल तर पुढं वाचायचं नाही, वेळ जातो. पुढं कधी सहा ते नऊ महिने तिकडे जाऊन डेटावर काम करायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च आहे, ती भारतात पीएचडी करणाऱ्यांसाठीच आहे, पण ते तिसऱ्या वर्षाचं बघू, आत्ता नाही.

तुझ्यासाठी पहिलं नाव रफर्ड फाउंडेशन, इंग्लंडचं. विकसनशील देशांतल्या नव्या लोकांसाठीच आहे, अर्ज ऑनलाइन, पहिली ग्रांट सहा-सात हजार पौंडांच्या घरात, काम साधारण वर्षभराचं. तीन रेफरी (तुझ्या कामाची शिफारस करणारे) लागतात. कॉलेजची फी, पीएचडीची फी यातून चालत नाही, बहुतेक पैसा फिल्डवर जायला हवा. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नुसता अभ्यास त्यांना नको असतो, त्यातून संवर्धनाचं काय होणार हे ठळक दिसलं पाहिजे. इथंच आपल्याकडच्या मुलांचे अर्ज पडतात, सिनॉप्सिस जसाच्या तसा इंग्रजीत टाकतात. आधी ज्यांना मिळाली त्यांची कामं आणि रिपोर्ट त्यांच्याच साइटवर आहेत, भारतातले शोधून चार-पाच पूर्ण वाच, भाषा कळते.

तुझ्याकडे संवर्धनाचा मुद्दा आहे आणि तो भक्कम आहे. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम काढून बघ. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले तलाव त्या व्याख्येतून वगळले आहेत. मामा तलाव सिंचनासाठीच बांधलेले. म्हणजे गावाच्या मधोमध असलेला, आता ज्यावर एक एकरही भिजत नाही असा तलाव कागदावर सिंचनाचा राहतो आणि पाणथळ म्हणून संरक्षण मिळत नाही. तिथं कमळपक्षी पिल्लं काढतो याची कुठं नोंद नाही, म्हणून तो भरला तरी कोणाला काही वाटत नाही. तुझा अर्ज या परिच्छेदाने सुरू कर. मग मास्तर म्हणतात ते सौंदर्यीकरण, मग नगरपरिषदेला तू काय देणार, काठाचा किती भाग कच्चा ठेवायचा याचं साधं टिपण, ढिवर सोसायटीसोबत बैठक. पाण्यातल्या देशी वनस्पती परत लावून तलाव जिवंत करायचं काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजासोबत केलंय. आधी त्यांना भेटून ये, तुझ्या घरापासून फार लांब नाही, आणि मासेमारांशी कसं बोलायचं ते त्यांच्याकडूनच कळेल.

दुर्बिणीचं. आयडिया वाइल्ड म्हणून संस्था आहे, ती पैसे देत नाही, उपकरणं देते. दुर्बीण, जीपीएस, कॅमेरा, असं. कस्टमचं काय होईल ते आधीच त्यांना मेलवर विचार. पक्ष्यांचा भाग वेगळा काढून ओरिएंटल बर्ड क्लबकडे छोटा अर्ज करता येतो. देशातलं म्हणशील तर इनलॅक्सचा रवि शंकरन यांच्या नावाचा कार्यक्रम आहे, त्यात छोट्या ग्रांटही असतात, या वर्षी काय खुलं आहे ते साइटवर बघ. मोहम्मद बिन झायेदचं नाव लोक सांगतील, पण तो फंड एकेका धोक्यातल्या प्रजातीसाठी आहे, तुझ्या विषयाला बसत नाही. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे आधीचं सर्ब, तिथं विद्यार्थी अर्ज करत नाही, गाईडने करायचा असतो. गाईडना विषय सांगून ठेव, प्रोजेक्ट मिळाला तर तुझंच काम त्यात जाईल.

परदेशी पैसा घेताना एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याचा) प्रश्न येतो. तुझ्या वैयक्तिक खात्यात यावा की संस्थेच्या, हे स्वतः ठरवू नको. अर्ज करायच्या आधी विद्यापीठाच्या वित्त विभागाला लेखी विचार आणि उत्तर लेखी घे. पैसा आल्यावर विचारलं तर फार उशीर होतो.

आणि काही गोष्टींना पैसा लागतच नाही त्या आजच सुरू कर. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या इमेज १० मीटरच्या, फुकट. लँडसॅट ३० मीटरच्या, जुन्या दशकांपासूनच्या, त्याही फुकट, त्यातून तलावाभोवती घरं कशी वाढली ते निघतं. क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) फुकट, इस्रोची भुवन ही नकाशांची साइट आहेच. पक्ष्यांच्या याद्या ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या साइटवर) टाकत जा, दर वेळी तीच जागा, तेवढाच वेळ. अर्जात ईबर्डच्या सलग याद्या दाखवल्या की ही मुलगी आधीपासून काम करते हे वाचणाऱ्याला दिसतं.


अडई_९:

मध्येच विचारते, मी एमएस्सी पहिल्या वर्षाला आहे, गोंदिया जिल्हा. पीएचडी नाही अजून तर आमच्यासाठी काही आहे का? मला पण तलावांवरच करायचं आहे.


रानवाटा_यवतमाळ:

@अडई_९ आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या चांगल्या लॅबमध्ये, मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च. फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास निघतात, एका सरांचं शिफारसपत्र लागतं आणि थोडं लिहावं लागतं की मला काय करायचं आहे. तिथं इकॉलॉजीवाले शास्त्रज्ञ निवड. पैसा कमी आहे पण तिथली ओळख पुढं रेफरी म्हणून कामी येते, आणि गावाकडच्या मुलांना रेफरी मिळणं हीच मोठी अडचण असते.


बोडीकाठ:

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलं, मी दोनदा वाचलं आणि वहीत उतरवलं. पाणथळच्या नियमांचं मला माहीतच नव्हतं. आमच्या यादीतल्या एका तलावाचा नगरपंचायतीने प्रस्ताव पाठवलाय असं ऐकून होते, उद्याच जाऊन विचारते, काम सुरू व्हायच्या आत तिथून सुरुवात करते.

दोन प्रश्न राहिले. बजेटमध्ये पाण्याच्या टेस्टचं काय करू, सगळ्या तलावांच्या सगळ्या टेस्ट बाहेरून केल्या तर अर्धी ग्रांट तिथंच जाईल. आणि ढिवर सोसायटीतला एक मुलगा मला डोंग्यातून (छोट्या होडीतून) पलीकडे नेतो, कुठं पाणी किती, कोणती वनस्पती कुठं, सगळं त्याला माहीत आहे, त्याला पैसे देते म्हटलं तर घेत नाही. ग्रांटमध्ये त्याचं काही दाखवता येईल का?


वऱ्हाडीमास्तर:

टेस्टचं मी सांगतो, मी केमिस्ट्रीचा हावो. सगळ्या टेस्ट बाहेर द्यायची गरज नाई. पीएच, तापमान, कंडक्टिव्हिटी तर काठावरच मीटरनं होते. विरघळलेला ऑक्सिजन, हार्डनेस, क्लोराइड हे टायट्रेशनचं काम हाय, कोणत्याही सायन्स कॉलेजच्या लॅबमध्ये होते, तुझ्या जवळच्या कॉलेजात एचओडीले भेट, पोरं प्रॅक्टिकलले तेच करतात. फक्त ऑक्सिजनची बाटली काठावरच फिक्स करा लागते, मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड टाकून, बुडबुडा राहू द्यायचा नाई, नाई तर लॅबमध्ये येईपर्यंत आकडा बदलून जाते. बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) आपल्या भारतीय मानकाप्रमाणं २७ अंशाले तीन दिवस ठेवूनही करता येते, कॉलेजात इन्क्युबेटर असला तर तेही घरचंच झालं. फॉस्फेट, नायट्रेटले स्पेक्ट्रोफोटोमीटर पायजे, तो मोठ्या कॉलेजात मिळते. बाहेर द्यायचं ते फक्त जड धातू, आणि तेही सगळ्या तलावांचे नाई, मूर्ती विसर्जन होते त्या तलावांचे, विसर्जनाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. असं केलं तर टेस्टचा खर्च निम्म्याच्या खाली येते आणि अर्ज वाचणाऱ्याले पण दिसते की हिनं विचार केला हाय.

नाल्याच्या तोंडाजवळचं सॅम्पल आणि पाळीकडचं सॅम्पल वेगळं घेजो, एकत्र मिसळू नको. तुझा सगळा प्रश्नच तो हाय.


पाणकोंबडी:

त्या मुलाचं दाखवता येतं आणि दाखवायलाच पाहिजे. फिल्ड असिस्टंट म्हणून वेगळी ओळ कर, दिवसाचा दर तुमच्या भागातल्या मजुरीपेक्षा कमी ठेवू नको, डोंग्याचं भाडं वेगळं लाव. तो आज घेत नसेल कारण तू स्वतःच्या घरचे देतेस हे त्याला दिसतं, ग्रांटचे असतील तर घेईल, आणि त्याच्या बुडालेल्या दिवसाचे ते पैसे आहेत. सोसायटीच्या अध्यक्षांना आधी सांग म्हणजे गावात गैरसमज नको. थिसिसमध्ये आणि रिपोर्टमध्ये त्याचं नाव त्याला विचारून टाक. वनस्पतींची त्यांच्या बोलीतली नावं त्याच्याकडून लिहून घे, कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे ते लोक सांगतात, पुस्तकात नसतं. ही माहिती त्यांची आहे, तर निघालेले निष्कर्ष आधी सोसायटीच्या बैठकीत मराठीत वाचून दाखव आणि मग बाहेर पाठव.

पेट्रोलपेक्षा जिथं एसटी जाते तिथं एसटीचंच भाडं लाव, हिशोब द्यायला सोपं, तिकिटं जपून ठेव. पहाटेच्या फेरीला एसटी नसते तिथंच गाडी दाखव. आणि पक्षी नुसते बघून मोजणार असशील तर गोष्ट सोपी आहे, पण पकडायचं, रिंग घालायची किंवा सॅम्पल घ्यायचं झालं तर वनविभागाची परवानगी लागते, ती मिळायला वेळ जातो, म्हणून पहिल्या वर्षी ते ठेवूच नकोस.


रानवाटा_यवतमाळ:

ताई, बजेटचा तक्ता आणि पहिलं पान मराठीतच लिहून इथं टाक, आधी मराठीत नीट झालं की इंग्रजी करायला मी मदत करतो. रेफरीसाठी तुझे एमएस्सीचे सर एक, ज्यांची दुर्बीण आणतेस ते दुसरे, आणि तिसरे अर्जुनी मोरगावला जाऊन आलीस की तिथले कोणी होतात का बघ. नेटचा फॉर्म सुटला की तो मात्र आधी भर.


बोडीकाठ:

हो दादा. नगरपंचायतीचं पत्र उद्या देते, कॉलेजच्या एचओडींना या आठवड्यात भेटते. तक्ता रविवारी रात्री टाकते. डोंग्याच्या भाड्याचा दर सोसायटीत विचारूनच लिहिते.